सादृश्य म्हणजे साक्ष नव्हे

मनुष्याच्या सर्व अवयवांत मुख हें श्रेष्ठ मानिलेलें आहे. 'मुख्य' हा शब्ददेखील 'मुख' या शब्दापासूनच झाला आहे. आपल्या भाषेंत अब्रू गेली म्हणजे तोंड काळें होतें, लाज वाटली म्हणजे मनुष्य तोंड लपवितो, आणि घरीं मूल जन्मलें म्हणजे आप्तइष्ट त्याचें तोंड पाहावयास येतात. परंतु याच भाषेंत आणखी एक शब्द आहे, आणि त्याकडे या लेखांत वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. तो शब्द 'तोंडओळख' हा होय. ज्याचा केवळ चेहरा आपणांस ठाऊक, पण ज्याचें कुळ, शील व सुखदुःख यांची आपणांस वार्ता नाहीं, त्याच्याशीं आपली तोंडओळख आहे, असें आपण म्हणतों. म्हणजे चेहऱ्यावरून होणारी ओळख ही ओळखीची अगदीं पहिली व सर्वांत खालची पायरी होय, असें आपल्या वाडवडिलांनीं ठरविलें होतें. हा भेद हल्लींच्या काळीं विशेष ध्यानांत धरिला पाहिजे. कारण तोंडओळखीचें काम आतां यंत्रें करूं लागलीं आहेत, आणि त्यांच्या शब्दावर शिधा मिळतो, दार उघडतें, व प्रसंगीं मनुष्य तुरुंगांतही जातो.

ही गोष्ट केवळ मोठ्या शहरांची आहे असें कोणी समजूं नये. म्हाताऱ्या निवृत्तिवेतनधारकांस आपण हयात असल्याचा दाखला दरवर्षीं द्यावा लागतो. तो मोबाइलपुढें मुख धरून देण्याची सोय सरकारनें २०२१ सालच्या नोव्हेंबरांत केली. २०२५ सालच्या जुलैपासून अंगणवाडींतून गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान बालकें यांच्यासाठीं घरीं नेण्याचा जो शिधा मिळतो, तो चेहरा जुळवून देण्याचा नियम झाला. अंगणवाडी सेविका आपल्या मोबाइलवर 'पोषण ट्रॅकर' उघडते, मातेस प्रकाशांत उभी करिते, आणि पूर्वीं नोंदविलेल्या चेहऱ्याशीं आजचा चेहरा जुळतो कीं नाहीं हें यंत्रास विचारिते. सेविका त्या बाईस तिच्या लग्नापासून ओळखीत असेल. तिच्या पहिल्या लेकराचें वजन तिनेंच केलें असेल. तरी तिच्या ओळखीस आतां किंमत किती? यंत्रानें होय म्हटलें पाहिजे.

यास्तव हें यंत्र काय जाणतें आणि काय जाणत नाहीं, हें प्रथम समजून घेऊं. तें आरंभीं चित्रांत मुख कोठें आहे हें शोधतें. मग असंख्य छायाचित्रांवर शिकविलेलें गणित त्या मुखाचें रूपांतर आंकड्यांच्या एका माळेंत करितें. पूर्वींच्या छायाचित्राचीही अशीच एक माळ त्याजपाशीं असते. या दोन माळांमधील अंतर तें मोजितें. अंतर थोडें असलें तर 'जुळलें' असें सांगतें, अधिक असलें तर 'जुळलें नाहीं' असें सांगतें. परंतु थोडें कोणतें व अधिक कोणतें, याची सीमा यंत्र आपल्या मनानें आंखीत नाहीं. ती मनुष्य आंखतो. सीमा सैल ठेविली, तर परका आपला म्हणून आंत शिरतो. ती घट्ट केली, तर आपलाच मनुष्य परका ठरून बाहेर राहतो. सारांश, 'ही अमुक बाई आहे' असें यंत्र कधींच जाणत नाहीं. 'हा चेहरा त्या चेहऱ्यासारखा इतका आहे' एवढेंच तें जाणतें. यंत्राच्या पोटीं आहे तें सादृश्य. ओळख आपण त्यावर लादतों.

शिवाय या कामाचे दोन प्रकार आहेत. एका चेहऱ्याची एकाच नोंदीशीं तुलना करणें, जसें अंगणवाडींत होतें, हा एक प्रकार. दुसरा प्रकार असा कीं, एका अनोळखी चेहऱ्याची लक्षावधि नोंदींशीं तुलना करून 'हा कोण असावा?' असें विचारणें. दुसऱ्या प्रकारांत धोका मोठा आहे. ज्याचा शोध चालला आहे तो त्या संग्रहांत मुळींच नसला, तरीही त्याच्यासारखे दिसणारे चेहरे यंत्र पुढें करूं शकतें. कारण त्यास विचारलेला प्रश्नच 'सर्वांत सारखा कोण?' हा असतो.

याचें फळ काय होऊं शकतें, हें अमेरिकेंतील डेट्रॉइट येथील एका प्रसिद्ध प्रकरणावरून दिसून येतें. त्या शहरांतील एका दुकानांतून २०१८ सालीं पांच घड्याळें चोरीस गेलीं. दुकानांतील कॅमेऱ्यांत चोराचें अंधुक चित्र उमटलें होतें. तें यंत्रास दाखवितांच त्यानें एका कृष्णवर्णीय गृहस्थाच्या, मुदत संपलेल्या वाहन-परवान्यावरील छायाचित्राकडे बोट दाखविलें. पुढें पोलिसांनीं सहा जणांचीं छायाचित्रें एकत्र मांडून एकीकडून खात्री करून घेतली. पण ही साक्षीदार कोण? तिनें चोरी डोळ्यांनीं पाहिलीच नव्हती. दुकानांतील तेंच कॅमेऱ्याचें चित्र तिनें पाहिलें होतें. २०२० सालच्या जानेवारींत त्या गृहस्थास त्याच्या घरासमोर, बायको व दोन लहान मुलींच्या देखत बेड्या घालण्यांत आल्या, आणि सुमारें तीस तास तो कोठडींत राहिला. तपासाच्या वेळीं त्यानें तें अंधुक चित्र आपल्या चेहऱ्याशेजारीं धरून दाखविलें. तो त्यांतला मनुष्य नव्हता, हें कोणाही डोळसाला दिसत होतें. पुढें खटला काढून घेण्यांत आला. २०२४ सालीं झालेल्या तडजोडींत डेट्रॉइटच्या पोलिसांनीं असें बंधन स्वीकारिलें कीं, केवळ यंत्रानें चेहरा जुळविला एवढ्यावरून कोणास पकडावयाचें नाहीं.

हें वाचतांना पवित्र शास्त्राच्या वाचकास वृद्ध इसहाकाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. त्याची दृष्टि मंद झाली होती. याकोब बकऱ्याचें कातडें हातांवर बांधून एसाव म्हणून त्याच्यापुढें आला. हात लावून पाहतां केंस एसावाचे लागले, पण कानीं पडलेला आवाज याकोबाचा होता. इसहाकास शंका आली. त्यानें ती बोलूनही दाखविली. परंतु दोन इंद्रियांच्या साक्षी परस्परविरुद्ध असतां, जें हाताला लागलें तेंच त्यानें खरें धरिलें व शंका बाजूस सारिली. त्यामुळें एका घरांत दोन भावांमध्यें जें वैर माजलें तें आपणांस ठाऊक आहे. इसहाकाची फसगत केवळ मंद दृष्टीमुळें झाली नाहीं. अंतःकरणांत उठलेली शंका दाबून टाकल्यामुळें झाली. डेट्रॉइटच्या अधिकाऱ्यांची दृष्टि तर मंदही नव्हती. यंत्रानें सांगितलें आहे, या विचारानें त्यांनीं डोळे असून पाहिलें नाहीं.

याच कारणास्तव मोशेच्या नियमशास्त्रांत एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणास अपराधी ठरवूं नये, दोन किंवा तीन साक्षीदार असावे, असा दंडक घालून दिलेला आहे. आपल्या प्रभूनेंही मंडळींतील तंट्यांसाठीं तोच नियम सांगितला व पौलानेंही त्याचा आधार घेतला. या नियमाचें मर्म संख्येंत नाहीं. दुसरा साक्षीदार स्वतंत्र असावा, त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें सांगावें, हें त्याचें मर्म आहे. पहिल्याचेंच म्हणणें ज्यानें पुन्हां उच्चारिलें तो साक्षीदार नव्हे, प्रतिध्वनि होय. डेट्रॉइटमध्यें साक्षी दोन दिसत होत्या. परंतु दोन्ही एकाच अंधुक चित्रांतून निघाल्या होत्या. आणखी असें कीं, साक्षीदारास आपल्या शब्दाबद्दल देवापुढें व न्यायासनापुढें जबाब द्यावा लागतो. खोटी साक्ष देणाऱ्यास नियमशास्त्रांत दंड आहे. यंत्रास पाप लागत नाहीं व त्याला लाजही नाहीं. म्हणून यंत्र साक्षीदाराच्या जागीं उभें राहूं शकत नाहीं. तें फार तर तपासाची वाट दाखवील. पुढें चालण्याची जबाबदारी मनुष्याचीच आहे.

येथवर एका मनुष्याच्या ओळखीचा विचार झाला. आतां समूहाच्या ओळखीकडे वळूं. चेहऱ्यावरून स्त्री कीं पुरुष हें सांगणाऱ्या तीन यंत्रांची परीक्षा जॉय ब्युओलाम्विनी व टिम्निट गेब्रू या विदुषींनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतींत त्यांची चूक शेंकडा एकाहूनही कमी होती. सांवळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतींत ती एका यंत्रांत शेंकडा ३४.७ पर्यंत गेली. पुढें २०१९ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या सरकारी मापन-संस्थेनें चेहरे जुळविणाऱ्या १८९ यंत्रपद्धति तपासल्या. भलत्यालाच 'हा तोच' म्हणण्याची चूक आशियाई व कृष्णवर्णीय चेहऱ्यांच्या बाबतींत गोऱ्यांपेक्षां कांहीं पद्धतींत दहापट, कांहींत शंभरपटही आढळली. मात्र आशियांतच तयार झालेल्या कांहीं पद्धतींत आशियाई चेहऱ्यांविषयीं हा फरक एवढा दिसला नाहीं. यावरून काय समजावें? यंत्रास ज्या लोकांचे चेहरे पुष्कळ दाखविले, त्यांतील बारीक भेद तें शिकलें. ज्यांचे थोडे दाखविले, ते त्याला सारखेच दिसूं लागले.

परंतु हा दोष यंत्रानें कोठून आणिला? तो मनुष्याच्या डोळ्यांतलाच आहे. ज्यांच्यामध्यें आपण वाढलों त्यांचे चेहरे आपणांस निरनिराळे दिसतात; परक्या लोकांविषयीं मात्र 'ते सगळे सारखेच दिसतात' असें आपण सहज बोलून जातों. असें बोलणें वरवर निरुपद्रवी वाटतें. पण 'सगळे सारखे दिसतात' आणि 'सगळे सारखेच असतात' या दोन वाक्यांमध्यें एका पावलाचेंच अंतर आहे.

शास्त्रेतिहासांत हें पाऊल कसें टाकलें गेलें तें पाहा. शास्ते यांच्या पुस्तकांत गिलादी लोकांनीं यार्देनेचे उतार अडवून धरल्याची कथा आहे. पार जाऊं पाहणाऱ्या प्रत्येकास 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास लावीत. इफ्राईमी लोकांच्या जिभेला तो उच्चार साधत नसे. ज्याच्या मुखांतून 'सिब्बोलेथ' निघालें त्यास तेथेंच वधीत. असे बेचाळीस हजार मेले. तूं कोण, तूं काय केलेंस, हें कोणी विचारिलें नाहीं. तूं कोणांपैकीं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर मनुष्याच्या देहावरून घेतलें जात होतें. आमच्या काळीं चीनच्या सिंक्यांग प्रांतांतील उइगूर मुसलमानांवर पाळत ठेवण्यासाठीं, चेहऱ्यावरून मनुष्य त्या जातीचा आहे किंवा नाहीं हें वेगळें काढूं पाहणारीं यंत्रें वापरिलीं जात असल्याचें २०१९ सालीं उजेडांत आलें. यार्देनेच्या उतारावर जो प्रश्न जिभेला विचारीत, तोच येथें नाकडोळ्यांच्या ठेवणीस विचारिला जातो.

आपल्या देशासही ही वाट अपरिचित नाहीं. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यानें सबंध जमातीच जन्मतः संशयित ठरविल्या. पुढें १९११ च्या कायद्यानें नोंदलेल्या लोकांच्या बोटांचे ठसे घेण्याचीही तरतूद झाली. पारधी, कैकाडी वगैरे लोकांस हजेरी द्यावी लागे, परवानगीवांचून गांव सोडतां येत नसे. मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनींही सरकारच्या वतीनें अशा लोकांच्या वसाहती चालविल्या, हें आपण ख्रिस्ती लोकांनीं विसरूं नये. १९५२ सालीं तो कायदा सबंध देशांतून गेला व ते लोक 'विमुक्त' म्हणविले जाऊं लागले. परंतु कायदा गेला तरी भाषेंतला डाग गेला काय? 'भामटा' हें एका जमातीचें नांव आहे, आणि लबाड मनुष्यास आपण सहज लावितों तो शब्दही तोच आहे.

आणि यंत्रावांचूनही हेंच पाप किती भयंकर होऊं शकतें, हें धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें १ जुलै २०१८ या दिवशीं दिसलें. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी आवई मोबाइलवरून गांवोगांव पसरली होती. भिक्षा मागत हिंडणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष त्या गांवीं आले असतां जमावानें त्यांस धरून ग्रामपंचायतीच्या खोलींत ठेंचून मारिलें. ते निर्दोष होते. त्यांचा अपराध एवढाच कीं, ते अनोळखी होते, आणि लोकांच्या मनांत अगोदरच तयार असलेल्या चित्राशीं त्यांचें रूप जुळलें. पांचांपैकीं एकाचेंही नांव, गांव शांतपणें विचारून त्याची खात्री करून घेण्याइतकी उसंत कोणास झाली नाहीं.

यावर कोणी म्हणेल, 'हें सर्व यंत्राच्या चुकांविषयीं झालें. यंत्रें दिवसेंदिवस अचूक होत आहेत, व त्यांचे उपयोगही आहेत.' हें म्हणणें योग्य आहे. हयातीच्या दाखल्यासाठीं कचेरीच्या पायऱ्या चढण्याचा म्हाताऱ्यांचा त्रास यंत्रानें वांचविला आहे. हरवलेलें लेंकरूं त्याच्या आईस सांपडत असेल, तर अशा यंत्राबद्दल देवाचे आभारच मानावे. दिल्लीच्या पोलिसांनीं २०१८ सालीं चार दिवसांत सुमारें तीन हजार हरवलेल्या मुलांची ओळख पटविल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें होतें. मात्र पुढल्याच वर्षीं केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्यानें तेथील उच्च न्यायालयास असें सांगितलें कीं, या पद्धतीस मुलगा व मुलगी हा भेदही नीट करितां येत नाहीं. तरी वादाकरितां आपण असें धरून चालूं कीं, यंत्र उद्यां पूर्णपणें अचूक होईल. मग आपला प्रश्न मिटला काय?

गेथशेमाने बागेंतील रात्र आठवावी. शिपायांना प्रभूचा चेहरा अंधारांत नीट ओळखतां आला नसता. म्हणून यहूदा इस्कर्योत यानें चुंबनाची खूण ठरवून दिली होती. त्या रात्रीं ओळखण्यांत कांहींच चूक झाली नाहीं. ज्यास धरावयाचें होतें त्यासच धरिलें. तरीही जगांत त्याहून मोठा विश्वासघात झालेला नाहीं. तेव्हां अचूक ओळखही पाप होऊं शकते. ओळख बरोबर आहे काय, हा एक प्रश्न; ती कोणाच्या हातीं व कशासाठीं दिली जात आहे, हा दुसरा. 'निर्दोष मनुष्यास भय कशाचें?' असें विचारणाऱ्यांनीं हा दुसरा प्रश्न विसरूं नये.

मग मनुष्याची खरी ओळख कशांत आहे? पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेनें दोन शिष्य प्रभूबरोबर कित्येक मैल चालले. त्याचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर होता, तरी त्यांनीं त्यास ओळखिलें नाहीं. त्यानें भाकर मोडली, तेव्हां ओळखिलें. कबरेपाशीं मग्दालिया मरीयेला तो माळी वाटला; त्यानें तिला तिच्या नांवानें हांक मारिली, तेव्हां तिनें ओळखिलें. म्हणजे चेहरा जेथें अपुरा पडला, तेथें सहवास आणि हांक यांनीं काम केलें. वयानें चेहरा बदलतो. बाळंतपणानें व आजारानें तो ओढला जातो. महारोगानें तर नाक, भुंवया व बोटें यांचें रूपच पालटतें. पण आईनें लेंकरास, मंडळीनें आपल्या जुन्या सभासदास ओळखण्याचें म्हणून कधीं थांबविलें आहे काय? मनुष्य कोण आहे, हें त्याच्या मुखाच्या मापांत लिहिलेलें नाहीं, आणि त्याच्या जमातीच्या नांवांतही नाहीं. तो देवाच्या प्रतिरूपाचा आहे, त्यास एक नांव आहे, आणि त्यास ओळखणारीं माणसें आहेत. हीं माणसें त्याच्या पाठीशीं उभीं राहिलीं नाहींत, तर जगांतील सर्वांत अचूक यंत्रही त्याचें रक्षण करणार नाहीं.

यास्तव आपल्या खेड्यांतील मंडळ्यांपुढें हें कर्तव्य स्पष्ट आहे. कोणा मातेचा चेहरा जुळला नाहीं म्हणून तिचें बालक शिध्यावांचून राहिलें, तर पाळकानें किंवा मंडळीच्या वडिलांनीं तिच्याबरोबर जावें, 'आम्ही हिला ओळखतों' असें उघड सांगावें, आणि तें बालविकास प्रकल्पाच्या कचेरीस लेखी कळवावें. ती बाई आपल्या मंडळीची आहे कीं नाहीं, हें पाहत बसूं नये. सेविकेवर रागावूं नये. तिच्याही मुखाचें न ऐकतां यंत्राचें ऐकण्याचा हुकूम तिला आहे. कोणाचें छायाचित्र 'हा चोर', 'ही पोरें पळविणारी' अशा शब्दांसह आपल्या मोबाइलवर आलें, तर दोन स्वतंत्र साक्षीदार कोठें आहेत असें प्रथम विचारावें, आणि ते नसतील तर तें पुढें पाठवूं नये. आणि दारीं अनोळखी मनुष्य उभा राहिला, तर त्याच्या रूपावरून तो कोणांपैकीं हें ठरविण्याआधीं त्यास पाणी द्यावें व नांव विचारावें. तोंडओळखीच्या पुढची पायरी तेथूनच सुरू होते.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस एकेकाच्या नांवानें हांक मारतो, असें प्रभूनें सांगितलें आहे. आपणांस अशा रीतीनें ओळखिलें गेलें आहे. तेव्हां आपल्या शेजाऱ्यास केवळ चेहऱ्यावरून पारखून थांबण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं. देव आपणां सर्वांस पाहणारे डोळे व खरी साक्ष देणारें मुख देवो.